दिव्यापुरता पंखा बंद

ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत ढुंढिराजकाकांच्या छतावर एक उंच बांबू होता, आणि त्या बांबूच्या टोकाला मालविकाची भिंगरी होती. तीन आडव्या दांड्या, आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला आमटीच्या वाटीएवढी एकेक पत्र्याची वाटी. वारा आला की वाट्या गरगर फिरायच्या. त्या किती फिरल्या ते तारेतून खाली उतरून जिन्यातल्या एका डब्यात नोंदलं जायचं.

बनारसमध्ये कुणाच्या छतावर काही नवं दिसलं की सगळा मोहल्ला त्याचा अर्थ लावायला बसतो. शेजारच्या विष्णु कबुतरवाल्याचं ठाम मत होतं की ही टीव्हीची नवी अँटेना आहे, हिच्यावर परदेशातली चॅनेलं येतात आणि काका कंजूष म्हणून कुणाला बघायला बोलावत नाहीत. मालविकानं त्याला दोनदा समजावून सांगितलं की हिच्यावर काही दिसत नाही, ही फक्त वाऱ्याचा वेग मोजते. तो म्हणाला, वारा मोजायला काय लागतं, माझी कबुतरं उडताना बघ.

मालविकाचे वडील जबलपूरला रेल्वेत होते. मुलीला बनारसला विद्युत अभियांत्रिकीत प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी तिला आपल्या मोठ्या भावाकडे, म्हणजे ढुंढिराजकाकांकडे ठेवलं. पदवी झाली, पुढची पदवी झाली, आणि आता सन पंचाण्णवमध्ये ती विद्यापीठात संशोधन करत होती. रोज सकाळी सायकल काढायची, दिवेलागण उलटून गेल्यावर परत यायची. विषय होता वारा. आत्ताचा वारा बघून तासाभरानंतरचा वारा संगणकाला सांगता येईल का?

हे कशाला सांगायचं, असं काकांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. मालविकानं त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरातलं उदाहरण दिलं. काका उपाध्याय. महाराष्ट्रातून काशीला येणारी माणसं त्यांच्याकडे उतरायची, गंगेवरचे विधी काका सांगायचे आणि जेवण शरदिनीकाकू घालायची. पण गाड्या उशिरा यायच्या, चार म्हटलेली माणसं अकरा यायची, अकरा म्हटलेली कधी येतच नसत. किती पानं मांडायची हे काकूला तासभर आधी कळलं तर भात नीट होतो. आयत्या वेळी कळलं तर एक तर पिठलं ढवळायला घ्यावं लागतं किंवा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोडणीचा भात.

“पवनचक्क्यांचंही असंच आहे काका. वारा आला की वीज आली, वारा पडला की गेली. तासभर आधी कळलं तर कोळशाच्या केंद्राला सांगता येतं, चूल पेटवून ठेवा, इकडची पानं वाढणार आहेत.”

“आणि आपल्या बनारसमध्ये पवनचक्की कुठाय?”

“नाहीये. पण पोहायला शिकायला समुद्रच कशाला हवा? दक्षिणेत शेकड्यांनी उभ्या राहतायत. पद्धत इथे जमली तर तिथे नेता येईल.”

मनातलं खरं तेवढंच होतं. तिला तिथे जायचं होतं. पवनचक्की तिनं फक्त चित्रात पाहिली होती, आणि डोंगराच्या कडेनं ओळीनं उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या चक्क्यांचा वारा आपण आधी ओळखायचा, ह्या एका गोष्टीसाठी तिनं विजेच्या मोटारींचा सोपा, पटकन संपणारा विषय सोडला होता.

आता वारा सांगणारं संगणकातलं हे यंत्र शिकतं कसं, हे तिनं सगळ्यात नीट कुणाला समजावलं असेल तर ते रुचीला. रुची म्हणजे काकांची नात, वय वर्षं नऊ, तोंडाचा पट्टा अखंड चालू. ती छतावर पतंग उडवत होती आणि मालविका भिंगरीला तेल घालत होती.

“तुला ढील कधी द्यायची हे कुणी शिकवलं?” मालविकानं विचारलं.

“कुणीच नाही. आपोआप आलं.”

“आपोआप कसं? पहिला पतंग?”

“तो विजेच्या तारेत गेला.”

“का गेला?”

“खूप ढील दिली म्हणून.”

“मग दुसऱ्या वेळी?”

“कमी दिली. तर तो खाली आला. मग तिसऱ्यांदा मधली दिली.”

“बस, माझं यंत्रही हेच करतं. त्याच्या पोटात पुष्कळ आकडे आहेत. सकाळचा वारा किती महत्त्वाचा, मघाचा किती, तारीख किती, घड्याळात वाजलेत किती. सुरुवातीला ते आकडे असेच ठोकून दिलेले असतात. मग मी त्याला मागच्या वर्षीचा वारा दाखवते आणि विचारते, पुढे काय झालं असेल? ते काहीतरी फेकतं. मी खरं उत्तर सांगते. किती चुकलं ते बघून ते आपले आकडे जरा इकडे, जरा तिकडे सरकवतं. पुन्हा अंदाज, पुन्हा चूक, पुन्हा सरकवायचं. हजारदा, लाखदा.”

“त्याला कंटाळा नाही येत?”

“नाही, तेवढा एकच गुण आहे त्याच्यात.”

“आणि मांजा तुटला तर?”

मालविकाला हसू आलं. मांजा रोजच तुटायचा. विभागातला संगणक हजारदा चुकेपर्यंत बत्ती जायची आणि सगळं पहिल्यापासून.

तिचे मार्गदर्शक वेणीमाधव मिश्र हा सावध माणूस. सरांनी तिच्या यंत्रासमोर एक प्रतिस्पर्धी उभा केला होता. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं आळशी. आळशाचा नियम एकच. आत्ता जेवढा वारा आहे, तेवढाच तासाभरानं असणार. ना त्याला शिकवावं लागतं, ना त्याला वीज लागते. आणि गंमत अशी की ह्या आळशाला हरवणं भलतंच अवघड असतं, कारण तासाभरात वारा सहसा फार बदलतच नाही. तुमचं यंत्र आळशापेक्षा बरं असेल तरच त्याला काही अर्थ, नाहीतर एवढी वीज कशाला जाळायची, असं सर म्हणायचे.

काकांना आळशी फार आवडला. “हा आपला माणूस,” ते म्हणाले आणि त्यांनी ती भूमिकाच घेतली. रोज जेवताना विचारणार, आज कोण जिंकलं? मालविका आठवड्यानं डब्यातला वारा फ्लॉपीवर भरून विभागात न्यायची आणि यंत्राची आणि आळशाची परीक्षा घ्यायची. उन्हाळाभर आळशी जिंकला, पावसाळाभर जिंकला. काका पानावर बसून मिशीला हात लावायचे. शेवटी सरांनी सांगून टाकलं की कार्तिकापर्यंत वाट बघू. गेल्या कार्तिकाचा वारा यंत्राला शिकवून झालाय, ह्या कार्तिकात ते आळशाला हरवू शकलं तर ठीक, नाहीतर मालविकानं वारा सोडावा आणि मोटारी घ्याव्यात.

काशीत कार्तिक कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी लागतो. घाटाघाटांवर उंच बांबू उभे राहतात, त्यांच्या टोकांना वेताच्या टोपल्या चढतात आणि टोपल्यांत रोज संध्याकाळी दिवा. वर गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून हे आकाशदिवे. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ते लावायचे. शरदिनीकाकूही लावायची. खरं तर छतावरचा तो बांबू काकूच्या दिव्याचाच. मालविकानं मागच्या वर्षी उन्हाळ्यात तो रिकामा बघून त्याच्यावर भिंगरी बसवली, आणि दिव्याच्या दोरीची कप्पी वीतभर खाली सरकवली. काकूला विचारून सरकवली. काकू म्हणाली होती, राहू दे, वर जागा मोकळीच आहे.

तर कार्तिक लागला आणि यंत्र जिंकायला लागलं.

पहिल्या आठवड्याचे आकडे बघून मालविकाला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिनं पुन्हा केले. यंत्र जिंकलं होतं आणि थोडंथोडकं नाही, चांगलंच. दुसऱ्या आठवड्यातही तेच. दिवसभर यंत्र आणि आळशी जवळजवळ बरोबरीत असायचे, पण सूर्य मावळायच्या सुमाराला यंत्र कमाल करायचं. दुपारभर पश्चिमेचा पछुआ मजेत वाहत असताना ते सांगायचं, तासाभरानं वारा एकदम पडणार. आणि तो पडायचा. मग सांगायचं, आता लवकरच पुन्हा उठणार. आणि तो उठायचा. बिचारा आळशी दोन्हीकडून मार खायचा. वारा वाहत असताना तो म्हणायचा वाहतच राहील, आणि वारा पडलेला असताना म्हणायचा पडलेलाच राहील.

वारा संध्याकाळी मंदावतो हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मालविकानं त्याच्यासाठी एक सुंदर स्पष्टीकरणही तयार केलं. दिवसा वाळू तापते, नदीचं पाणी थंड राहतं, सूर्य गेला की उलटं होतं आणि ह्या उलटापालटीच्या मधल्या क्षणी गंगेवरची हवा जरा थबकते. सरांना ते एवढं पटलं की त्यांनी त्याला गंगेचा उच्छ्वास असं नाव दिलं आणि त्यावर दोन पानं लिहून एका परिषदेकडे पाठवूनही दिली. भिंगरी त्या वेळी अगदी शून्यावर जाते, ह्याचंही मालविकाला काही वाटलं नाही. विभागाच्या कार्यशाळेत बनलेली स्वस्तातली भिंगरी ती, अगदीच मंद वाऱ्यात ती तशीही अडून बसायची.

काकांनी मिशीवरचा हात काढला. मोहल्ल्यात बातमी गेली की मालविकाला परदेशी चॅनेल लागलं.

आणि मग सरांनी आणखी एक बातमी आणली. दक्षिणेतल्या एका पवनचक्क्यांच्या कंपनीतल्या इंजिनिअर, नीरजा आठल्ये, आपल्या आईला घेऊन त्रिपुरी पौर्णिमेला काशीला येणार होत्या. सरांची त्यांची जुनी ओळख. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या छतावर येऊन यंत्राचं काम बघतील. पसंत पडलं तर त्यांच्या टेकड्यांवरचा वारा, दोन वर्षांचा, मालविकाला देतील. कदाचित तिला तिकडे बोलावतीलही.

पाहुण्या यायच्या आदल्या दिवशी दुपारीच विभागातली बत्ती गेली आणि संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. मालविका सायकल काढून घरी आली. उजेडी घरी यायची तिला सवयच नव्हती. तिनं चहा घेतला आणि ठरवलं, आज गंगेचा उच्छ्वास आपल्या डोळ्यांनी बघायचा.

ती छतावर गेली तेव्हा काकू तिथे आधीच होती. पछुआ छान सुटला होता. समोरच्या गच्च्यांवर अजून दोन-चार पतंग तरंगत होते, काकूचा पदर उडत होता, भिंगरी गरगरत होती. काकूनं कोपऱ्यातली लग्गी उचलली. लग्गी म्हणजे कटलेले पतंग ओढायची लांब काठी, टोकाला आकडा असलेली. ती तिनं वर केली, सराईतपणे भिंगरीची एक दांडी आकड्यात पकडली आणि लग्गीचं खालचं टोक कठड्याच्या खिळ्याला सुतळीनं बांधून टाकलं. भिंगरी थांबली. मग काकूनं टोपलीत दिवा ठेवला, दोरी ओढून टोपली वर चढवली, हात जोडले आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणायला लागली.

मालविकाच्या केसांच्या बटा गालावर उडत होत्या. पतंग जागचे हलले नव्हते. गंगा कुठलाही उच्छ्वास सोडत नव्हती.

स्तोत्र संपेपर्यंत ती जिन्याच्या दारात उभी राहिली. स्तोत्र चांगलं लांब होतं. ते संपल्यावर काकूनं वर बघितलं, दिव्याची ज्योत एका जागी जळतेय अशी खात्री केली, सुतळी सोडली, लग्गी काढली. भिंगरी पुन्हा फिरायला लागली.

“काकू, तू हे काय केलंस?”

काकूला तिची चाहूल नव्हती. ती दचकली आणि हसली. “आज लवकर आलीस? काही नाही गं, पंखा बंद केला दिव्यापुरता.”

“पंखा?”

“तुझा पंखा. गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी टोपली वर नेली नि दिवा गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. म्हटलं, खाली देवघरात दिवा लावताना आपण पंखा बंद करतो की नाही? मग इथेही करावा. ज्योत धरली की लगेच सोडते, तुझं काम अडवत नाही.”

“काकू, तो वारा घालत नाही. तो वाऱ्यानं फिरतो.”

“ते कळतं मला. तरी पण दिव्याच्या डोक्यावर गरगरणारी वस्तू नको वाटते.”

मालविका पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसली. तिच्या यंत्रानं गेल्या कार्तिकात महिनाभर रोज बघितलं होतं की सूर्य मावळला की भिंगरी थांबते आणि थोड्या वेळानं सुटते. ते प्रामाणिकपणे शिकलं होतं. फक्त ते वारा शिकलं नव्हतं, काकू शिकलं होतं. बाकीच्या ऋतूंत आकाशदिवा नसतो, म्हणून बाकीच्या ऋतूंत ते हरत होतं.

तिनं सगळं सांगितलं तेव्हा काकूचा चेहरा उतरला. पण काकू फार वेळ चेहरा उतरवून बसणाऱ्यांतली नव्हती. थोड्या वेळानं ती म्हणाली, “म्हणजे मी उद्या अगदी वेळेवर पंखा बंद केला, तर तुझं यंत्र बरोबर ठरेल?”

“हो.”

“मग तुझं यंत्र किती वाजता म्हणतंय तेवढं मला सांगून ठेव.”

ती हे अगदी मायेनं म्हणाली.

जेवताना काकांना कळलं. काका इतके हसले की ताक नाकात गेलं. मग डोळे पुसत म्हणाले, “अगं मालू, तुझं यंत्र फार हुशार आहे. ह्या बाईची वेळ मी लग्न झाल्यापासून ओळखायचा प्रयत्न करतोय, मला अजून जमलं नाही. त्यानं वर्षभरात ओळखली.”

मालविका हसली नाही, तेव्हा काका थांबले. तिच्या पानात भात तसाच होता. ते गंभीरपणे म्हणाले की उद्या काही करूच नकोस. तुला कुणाला खोटं सांगायचं नाहीये. काकू रोजच्यासारखा दिवा लावेल, यंत्र रोजच्यासारखं बोलेल, बाई बघतील आणि खूश होऊन जातील. तुझ्या हातात त्यांचा खरा वारा एकदा पडला की ही भानगड मागे राहिली. तिकडच्या टेकड्यांवर कुठली काकू आणि कुठला दिवा?

हे सगळं खरं होतं, हीच तर पंचाईत होती. तिला बोट उचलायचीही गरज नव्हती. उलट बोललं तर वारा जाणार आणि मोटारी येणार. सकाळी तिनं विभागात जाऊन दिव्याची तेवढी वेळ वगळली आणि यंत्राची नि आळशाची पुन्हा परीक्षा घेतली. मग सरांना सांगायचं म्हणून त्यांच्या खोलीत गेली, तर सर पाहुण्यांना घ्यायला स्टेशनावर गेलेले. गाडीला उशीर आहे, ते तिथूनच परस्पर तुमच्याकडे येतील, असं शिपायानं सांगितलं. मालविकाला एकदम हलकं वाटलं, आणि तसं वाटलं ह्याची लाजही वाटली.

संध्याकाळी सर जिना चढून वर आले ते धापा टाकत. हातात त्यांचा तो जड पोर्टेबल संगणक होता, जपानहून आणलेला, ज्याला विभागात कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. मागून नीरजा आठल्ये. उंच, उन्हानं रापलेल्या, पायांत बूट. त्यांची आई खाली काकांशी उद्याच्या गंगापूजनाचं ठरवत बसली होती. वर येताच नीरजाबाईंनी आधी भिंगरीकडे बघितलं, मग तिच्याखालच्या रिकाम्या टोपलीकडे, आणि त्यांच्या कपाळाला एक बारीक आठी पडली.

सरांनी संगणक चौरंगावर मांडला. मालविकानं डब्यातला दिवसभराचा वारा त्यात भरला. पडद्यावर हिरवी रेघ उमटली. वारा चांगला वाहत होता, आणि तासाभरानं तो शून्यावर जाणार होता.

“आणि आळशी काय म्हणतो?” नीरजाबाईंनी विचारलं. सरांनी त्यांना आळशाबद्दल वाटेतच सांगितलं होतं.

काका नेमके तेव्हा वर आले होते. “आत्ता आहे तेवढाच,” त्यांनी लगेच सांगून टाकलं.

मग सरांनी गंगेच्या उच्छ्वासावर सविस्तर सांगितलं. वाळू, पाणी, तापमान, उलटापालट. चहा झाला, गप्पा झाल्या, ऊन पिवळं झालं आणि घाटांवर एकेक आकाशदिवा वर चढायला लागला. नीरजाबाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर पतंगांवर होती.

“इतका एकदम पडतो?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे मंदावतो. पडत नाही.”

सर म्हणाले की गंगेची गोष्ट वेगळी आहे.

तेवढ्यात काकू दिवा घेऊन वर आली. टोपलीजवळ गेली, लग्गी उचलली आणि मालविकाकडे बघत थांबली. कधी ते सांग, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. काका मालविकाकडे बघत होते. सर घड्याळाकडे बघत होते आणि खुशीत होते.

“काकू,” मालविका म्हणाली, “आज पंखा चालू राहू दे.”

“दिवा गेला तर?”

“गेला तर पुन्हा लावू.”

सरांनी घड्याळावरून मान वर केली. “पंखा? कौन सा पंखा?”

मग मालविकानं सांगितलं. लग्गी, खिळा, सुतळी, स्तोत्र, सगळं. बोलताना तिला वाटलं होतं तेवढं ते लांबलं नाही. काकूनं तोवर दिवा टोपलीत ठेवून दोरी ओढली होती. टोपली हेलकावे खात वर गेली. ज्योत एकदा आडवी झाली, जवळजवळ नाहीशी झाली, पुन्हा उभी राहिली. डोक्यावर भिंगरी फिरतच होती. काकूनं आज डोळे न मिटताच स्तोत्र म्हटलं, नजर सगळा वेळ दिव्यावर. पडद्यावरची रेघ म्हणत होती की वारा संपला, आणि वारा सरांचे कागद उडवत होता.

“आत्ता आहे तेवढाच,” काका हळूच म्हणाले. पण त्यांनी मिशीला हात लावला नाही.

सर उडालेले कागद गोळा करायला लागले. मग एकदम काहीतरी आठवून खाली बसले. “लेकिन वह पर्चा तो मैंने भेज दिया है।”

ह्यावर नीरजाबाई हसायला लागल्या. सुरुवातीला त्यांनी आवरायचा प्रयत्न केला, पण सरांचं तोंड बघून त्यांना आवरेना. काकू त्यांच्यासाठी पाणी आणायला निघाली. त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी मालविकाला विचारलं, “दिव्याची वेळ वगळली तर काय राहतं?”

“सकाळी करून बघितलं. बरोबरी. काही दिवस मी जिंकते, काही दिवस काका.”

“एका छतावरच्या एवढ्याशा नोंदींत बरोबरी म्हणजे काही वाईट नाही.” नीरजाबाई म्हणाल्या. “तुला सांगू? आमच्या टेकडीवर एक चक्की आहे. तिच्याजवळचा वारा रोज जेवणाच्या सुट्टीत पडतो. माझ्या साहेबांनी त्याला दरीतल्या उन्हाचं कारण दिलंय. मी एकदा डबा घेऊन तिथेच जाऊन बसले तर कळलं, चक्कीचा आवाज जेवताना नको म्हणून तिथली पोरं ती थांबवतात, आणि वारा मोजायचं यंत्रही त्याच बटणावर आहे. असं आणखी किती ठिकाणी आहे कोण जाणे. दोन वर्षांचा वारा पडून आहे माझ्याकडे, आणि त्यातला वारा कुठला नि माणसं कुठली, हे मला कुणी वेगळं करून देत नाही.”

“मी करून बघू?” मालविका म्हणाली.

“बघ. फ्लॉप्या पाठवते. आधी ते कर, अंदाजाचं मग बघू. तिकडे बोलवायचं की नाही तेही मग बघू, आत्ता मी शब्द देत नाही.”

मालविकानं सरांकडे बघितलं. सर संगणकाचं चामडी पाकीट बंद करत होते. त्याचा पट्टा लावला, पुन्हा उघडला, पुन्हा लावला. मग ते म्हणाले की ठीक आहे, होळीपर्यंत वारा. होळीनंतर मोटारी, आणि तेव्हा रडायचं नाही. आणि त्या परिषदेला पत्र मालविकानं लिहायचं, सही ते करतील.

दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. पंचगंगा घाटापासून पलीकडे मणिकर्णिकेपर्यंत पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लागल्या. मालविका रुचीला घेऊन खाली घाटावर गेली होती. नीरजाबाईंची आई पणती पाण्यात सोडून हात जोडून उभी होती, काका मंत्र सांगत होते. रुचीला कळेना की पाण्यातल्या पणत्या एकाच बाजूला का चालल्यात. मालविका तिला वारा आणि प्रवाह वेगळे कसे ओळखायचे ते दाखवत बसली. ज्योत जिकडे झुकते तो वारा, पणती जिकडे जाते तो प्रवाह.

घरी आल्यावर सवयीनं तिनं जिन्यातल्या डब्यात डोकावून बघितलं. दुपारभर पछुआ, मग सूर्य मावळतानाचे आकडे शून्य, शून्य, शून्य, आणि पुन्हा पछुआ.

ती स्वयंपाकघरात गेली. काकू उपासाचं आवरत होती. मालविका दारात नुसती उभी राहिली.

काकूनं मागे न बघताच सांगितलं, “पंखा चालू ठेवणं कालच्यापुरतं ठीक होतं. आज महिन्याचा शेवटचा दिवा होता. उगाच जोखीम कशाला?”

“बरं,” मालविका म्हणाली. ती पुन्हा जिन्यात गेली आणि तेवढे आकडे वगळून बाकीचा वारा तिनं फ्लॉपीवर उतरवून घेतला.